नागपूरला, पण मोर्चाला नव्हे

"बाई, एक विचारू? रागवायचं नाही हं," असं म्हणत वहिनींनी गडग्याच्या खिंडारातून मान आत घातली आणि मी ओळखलं, आज वेळेत बिरडं सोलून होत नाही.

हे खिंडार म्हणजे आमचा चव्हाटा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या डोक्यावरून गेलं. त्या दुपारी वहिनींच्या वाडीतला एक माड माझ्या गडग्यावर आडवा झाला. माझ्याही पोफळी किती गेल्या ते मोजायचं मी सोडून दिलंय. माड तोडून नेला, दगड मात्र अजून तिथेच पडलेत. आधी बोलायचं तर दोघींना टाचा उंच कराव्या लागायच्या. आता पाट टाकून बसता येतं. गडगा बांधायचा विषय दोन्ही घरांतले पुरुष दर दिवाळीत काढतात, आम्ही दोघी ऐकल्यासारखं करतो.

"विचारा," मी म्हटलं आणि परात त्यांच्या बाजूला सरकवली. फुकट गप्पा मी मारत नाही. कोमट पाण्यातला मोड आलेला वाल दोन बोटांत धरायचा, दाबायचा. साल हातात, दाणा परातीत. बोलणं रंगलं की दाणा पोफळीच्या बुंध्याशी.

"आमची सून नागपूरला निघालीय. पुढच्या महिन्यात, डिसेंबरात." वहिनींनी आवाज खाली आणला. "आता डिसेंबरात मास्तरमाणूस नागपूरला कशाला जातं ते मला काय कळत नाही? तिकडे अधिवेशन असतं. टीव्हीवर दाखवतात की, टोप्या घालून बसलेले असतात रस्त्यात. ही लागली 2005 नंतर, तेव्हा जुनी पेन्शन नाही. म्हणजे तीही बसणार. पोलिसांनी काठी उगारली तर? धाकटं अजून अंगणवाडीत आहे हो."

"तिने काय सांगितलं?"

"म्हणाली, इंग्रजीच्या शिक्षकांची परिषद आहे."

"मग परिषदच आहे. मोर्चा नाही."

"पण संघटनाच ना?"

"संघटनाच. पण वेगळी."

"वेगळी म्हणजे? कुठल्या पक्षाची?"

वहिनींचा दोष नाही. आपल्याकडे शिक्षकांची संघटना म्हटली की माणसाला तीनच गोष्टी दिसतात: मोर्चा, पगार आणि शिक्षक मतदारसंघाची निवडणूक. कोकण शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली की कुठले कुठले लोक आमच्या शाळेत येऊन 'बाई, कशा आहात' विचारायचे, एरवी वळून बघायचे नाहीत. आणि मोर्च्याला मी नावं ठेवणार नाही. मीही गेलेय, घसा बसेपर्यंत ओरडलेय. त्या संघटना नसत्या तर आमच्या चुली बंद पडल्या असत्या. पण मोर्च्यात माझ्या शेजारी चालणाऱ्या बाईला मी कधी विचारलं नाही, की अमुक धडा तू कसा घेतेस. तिनेही मला विचारलं नाही. तसं विचारायची जागाच नव्हती ती.

"ही दुसरी जात आहे," मी म्हटलं. "पहिली संघटना सरकारला विचारते, आमचं काय? ही एकमेकींना विचारते, तुमच्या वर्गात काय?"

"असली संघटना कोण काढतं?" वहिनींनी एक वाल दाबला, तो थेट माझ्या चष्म्यावर.

मग काय, अख्खी वंशावळ सांगावी लागली.

सुरुवात साहेबांकडची. अमेरिकेत 1966 साली टेसॉल म्हणून निघाली, दुसरी भाषा बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्यांची. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये डॉ. डब्ल्यू. आर. ली या गृहस्थांनी आपली काढली. तिचं नाव आधी नुसतं एटेफल होतं. 1971 ला पुढे इंटरनॅशनलचा आय लागला आणि आयएटेफल झालं.

"लग्न झाल्यावर नाव बदलतं तसं," वहिनी.

"तसंच. आणि सासर मोठं होतं. देशोदेशीच्या संघटना तिला जोडलेल्या आहेत. आपली भारताचीसुद्धा."

आपली म्हणजे एल्टाय. इंग्लिश लँग्वेज टीचर्स असोसिएशन ऑफ इंडिया. 1974 साली मद्रासमध्ये निघाली, एस. नटराजन नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी काढली. 74 म्हणजे जॉर्ज फर्नांडिसांनी देशभर रेल्वे बंद पाडली ते साल. मी तेव्हा कॉलेजात होते आणि संघटना या शब्दाचा संपाखेरीज दुसरा अर्थ असू शकतो हे मलाही ठाऊक नव्हतं, तेव्हा वहिनींना हसण्यात अर्थ नाही. गंमत म्हणजे या मंडळींचं नियतकालिक संघटनेच्याही आधीचं, 1965 चं.

"अगोबाई! बाळाच्या आधी पाळणा?"

"पाळणा आधी असला म्हणून तर बाळ टिकलं. पन्नाशी उलटली त्याची."

हे मी बोलून गेले खरी, पण त्यात तथ्य आहे. आपल्याकडे आधी अध्यक्ष ठरतो, मग उपाध्यक्ष, मग फलक रंगवतात, मग फोटो. काय बोलायचं ते शेवटी, वेळ उरला तर. त्या लोकांनी आधी लिहायला-वाचायला कागद काढला आणि माणसं नंतर एका चटईवर आणली.

"पण मद्रासलाच का? मुंबईला साहेब कमी होते?"

हा प्रश्न वहिनींनी फार चांगला विचारला. उत्तर माझ्या परीने दिलं. इंग्रजी शिकवायचं कसं, याचा खल दक्षिणेत आधीपासून जोरात होता. हैदराबादला 1958 मध्ये सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाली. तिचे एक संचालक वि. कृ. गोकाक, कन्नडचे मोठे कवी. आपल्या फर्ग्युसनमध्ये आणि सांगलीच्या विलिंग्डनमध्ये शिकवून गेलेले. आणि मद्रासकडे तर साठ सालाच्या आसपास एक मोहीमच निघाली होती, मद्रास स्नोबॉल.

"म्हणजे?"

"बर्फाचा गोळा."

"मद्रासला?" वहिनींनी परातीतून हात काढून पदर तोंडाला लावला. "काला खट्टा घालून?"

कल्पना अशी, की थोड्या शिक्षकांना आधी नीट तयार करायचं, त्यांनी आणखी शिक्षकांना, त्यांनी आणखी. डोंगरावरून बर्फाचा गोळा घरंगळत मोठा होतो तसं. हजारो प्राथमिक शिक्षकांपर्यंत तो पोचवला त्यांनी. साचे पाठ करून घ्यायची पद्धत होती: एक वाक्य घ्यायचं, त्यात शब्द बदलत जायचा, वर्गाने एका सुरात म्हणायचं. ज्याने नाव ठेवलं त्याला मद्रासचं ऊन माहीत नसावं. गोळा हातोहाती जायला लागला की वितळतो. शेवटच्या माणसाच्या हातात काडी उरते. मी नोकरीत असताना जेवढी प्रशिक्षणं केली त्यातल्या निम्म्यांत माझ्या हाती काडीच आली. तालुक्याला जायचं, चहा-वडा, कोणीतरी दुसरीकडे ऐकून आलेलं वाचून दाखवायचं, सही करून चारची एसटी पकडायची. काडीला थोडा रंग लागलेला असायचा, एवढंच.

"तुम्ही लागलात तेव्हा आपला कुलाबा जिल्हा होता ना?"

"1979. हो, कुलाबाच. 81 ला रायगड झाला. जिल्ह्याचं नाव बदललं, शाळेतलं बाक तेच राहिलं."

इथे वहिनी जरा वेळ गप्प होत्या, म्हणून मी बोलत सुटले. इंग्रजीचं आपल्याकडे कसं झालंय पाहा. माझ्या थोरल्या भावाला आठवीत एबीसीडी भेटली, कारण खेर सरकारच्या वेळी खालच्या वर्गांतून इंग्रजी काढलं होतं. मला पाचवीत भेटली. 2000 सालापासून रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ती पहिलीत आली, तर माझा नातू बोबडं मराठी बोलत बोलतच 'माय नेम इज' म्हणायला लागला. आठवी, पाचवी, पहिली. मूल दर खेपेला लहान होत गेलं. शिकवणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी जून महिन्यात पुस्तक हातात दिलं आणि सांगितलं, घ्या, करा सुरू. पहिलीच्या बाई स्वतः इंग्रजी बोलायला घाबरायच्या. त्या काय करणार? विचारायचं कुणाला? शाळेत चार वर्ग, दोन शिक्षक, दुसरे गुरुजी खिचडीच्या हिशोबात.

"तुम्ही कुणाला विचारायच्या?"

नेमकं दुखऱ्या जागी बोट.

कुणालाच नाही. शाळेत इंग्रजीची मी एकटी. आधीचे सर निवृत्त होऊन गेले आणि त्यांनी मला वारसा म्हणून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची बिनपुठ्ठ्याची प्रत दिली. दुसऱ्याच वर्षी सातवीवर होते. वर्गात भरडखोलची, जीवना बंदराची कोळ्यांची पोरं. माशांवरचा काहीतरी उतारा होता. मला वाटलं, आज आपलं राज्य, यांच्या घरातला विषय. फळ्यावर फिश लिहिलं. एक पोरगा म्हणाला, बाई, कुठला? मी म्हटलं, कुठलाही, सगळ्यांना फिश. त्याला ते पटेना. पापलेटही फिश, मांदेलीही फिश, मग बाजारात मागायचं कसं? मी हुशारी दाखवायला गेले आणि म्हटलं, बोंबलाला इंग्रजीत वेगळं नाव आहे, बॉम्बे डक. डक म्हणजे काय, हे त्यांना गेल्याच आठवड्यात मी शिकवलं होतं. चित्र दाखवून. पिवळी चोच.

वर्ग फुटला. एकाने विचारलं, बाई, ते बदक मग जाळ्यात कसं येतं? दुसरा बाकावर उभा राहून क्वॅक क्वॅक करत वाळत घातलेला बोंबील झाला, हात वर, तोंड उघडं. मला हसू यायला हवं होतं, आला राग. त्याला वर्गाबाहेर काढलं. त्यानंतर तो वर्षभर माझ्या तासाला बोलला नाही, आणि पुढे बोटीवर गेला. आज मला ठाऊक आहे की तो तास सोन्यासारखा होता. पोरांच्या तोंडात पंचवीस-तीस नावं तयार होती, फळ्यावर लिहून घेतली असती, कुठला मोठा, कुठला लहान, कुठला महाग, कुठला स्वस्त, एवढ्यात तुलनेचं सगळं व्याकरण झालं असतं. पण हे सुचायला कुणीतरी समोर बसून विचारायला लागतं, की मग पुढे काय झालं? तसं कुणी नव्हतं.

नव्हतं असं तरी कसं म्हणू. एसटीत होती एक. म्हसळ्याकडच्या शाळेत इंग्रजीच शिकवायची. सोमवारी सकाळी बोर्लीच्या गाडीत भेटायची. आम्ही डबा एकमेकींना दाखवतो तसे धडे दाखवायचो. तिने मला सांगितलं, पोरांना प्रश्न विचारायला लाव, तू उत्तर दे, उलटं करून बघ. मी केलं. माझा तो पहिला तास, ज्यात घंटा झाली तरी पोरं उठली नाहीत. कंडक्टर आम्हाला 'इंग्लिश मीडियम' म्हणायचा.

"मग तुम्हीच का नाही काढलीत संघटना?"

"काढली होती हो! पाच शाळांची मिळून. अकरा-अकरा रुपये वर्गणी."

"मग?"

"पहिल्या सभेत घटना केली. दुसऱ्या सभेत अध्यक्ष कोण यावर दोन सरांचं वाजलं. तिसऱ्या सभेला मी आणि म्हसळ्याची, दोघीच. जमलेल्या पैशांत फलक रंगवून घेतला होता, तो पुढे कुणाच्या तरी गोठ्यावर पावसाळ्यात घातला."

वहिनी मनापासून हसल्या. मग एकदम म्हणाल्या, "मग नागपूरवाल्यांचं कसं टिकलं? त्यांच्यात अध्यक्षावरून वाजत नाही?"

नागपूरच्या आधी भंडारा सांगायला हवं होतं, ते मी विसरलेच. भंडारा म्हणजे आपल्यासारखाच भाताचा जिल्हा, फक्त समुद्राऐवजी तळी. तिथल्या जे. एम. पटेल महाविद्यालयात डॉ. अमोल पदवाड इंग्रजी शिकवायचे. त्या भागात त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी इंग्लिश टीचर्स क्लब सुरू केले. नाव क्लब, पण पत्ते नाहीत की पोहण्याचा तलाव नाही. छोट्या गावातले थोडेसे शिक्षक आपणहून एकत्र येणार, आपल्या वर्गातली अडचण सांगणार, बाकीचे त्यावर बोलणार. वरून जीआर नाही, भत्ता नाही, हजेरीची सही नाही. 2008 मध्ये पदवाड आणि कृष्णा दीक्षित यांनी या क्लबांचा अभ्यास करून बाहेरच्या एका नियतकालिकात लेख लिहिला. जे शिक्षक क्लबात येतात आणि जे येत नाहीत, ते वर्गातल्या अडचणीकडे कसे बघतात, हे त्यांनी ताडून पाहिलं. थोडक्यात सांगायचं तर एकमेकांशी बोलणारा शिक्षक अडचणीला आपली म्हणतो आणि तिला हात घालतो.

"आणि न बोलणारा?"

"तो माझ्यासारखा पोराला वर्गाबाहेर काढतो."

याच माणसांच्या खटपटीतून पुढे आयनेट उभी राहिली, ऑल इंडिया नेटवर्क ऑफ इंग्लिश टीचर्स. तिचं घर नागपूर. तिथे मला आवडतं ते असं, की शाळेतल्या शिक्षकानेच आपल्या वर्गाचं संशोधन करावं म्हणून ते मागे लागतात, हात धरून शिकवतात. विद्यापीठातल्या मोठ्या माणसाने येऊन शाळेतल्या बाईला शहाणं करायचं, हा जुना खेळ तिथे जरा उलटा आहे. सरकारलाही उशिरा का होईना ही गोम कळली. औरंगाबादच्या राज्य आंग्ल भाषा संस्थेच्या मार्फत, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्सच्या जोडीने 2016 च्या सुमारास 'तेजस' आलं, त्यातही शिक्षकांचे छोटे गट करून त्यांना नियमित भेटायला लावलं होतं. तेव्हा मी पेन्शनीत निघाले होते. गटांत बसलेल्या एकीने मला सांगितलं, बाई, पहिल्यांदाच कुणी विचारलं की तुला काय वाटतं.

"म्हणजे या परिषदा चांगल्याच म्हणायच्या."

"सगळ्या नाहीत हं." मला खोटं सांगवेना. कॉलेजवाल्यांच्या कित्येक परिषदा मी पाहिल्यात, जिथे लोक सकाळी झोळी घेतात, दुपारी जेवतात आणि संध्याकाळी प्रमाणपत्र. बढतीच्या गुणांसाठी. दहा मिनिटांचा निबंध तीन मिनिटांत वाचतात, ऐकायला पुढचे वाचणारे चौघेच. एकीकडे तर मी दारातच विचारलेलं ऐकलं, 'सर्टिफिकेट आत्ता मिळेल का, चार वाजताची गाडी आहे.' चारच्या गाडीचा आणि शिक्षणखात्याचा काही जुना करार असावा.

"आणि एक सांगा," वहिनींनी विषय बदलला, "आपलं इंग्रजी म्हणजे खरं इंग्रजी का? आमचे हे म्हणतात, आपलं बोलणं साहेबाला हसू आणतं."

"त्यांना सांगा, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री म्हणून होते. त्यांनी 1978 सालात भारतात छापलेल्या इंग्रजीतून दहा लाख शब्दांचे नमुने गोळा केले, संगणकात घालण्यासाठी. कोल्हापूर कॉर्पस म्हणतात त्याला. जगभरचे भाषावाले आपलं इंग्रजी कसं आहे ते त्यात बघतात. हसत नाहीत, अभ्यास करतात."

"दहा लाख शब्द मोजले? आणि आम्हाला सुपाऱ्या मोजायला गडी मिळत नाही." वहिनींनी परातीत बघितलं. दाणे बरेच झाले होते. त्यातले निम्मे त्यांनी न विचारता आपल्या वाटीत ओढले. मजुरी.

"पण बाई, ही तिथे जाऊन बोलणार काय? आमची सून? ती जेवताना भात वाढा म्हणायलासुद्धा लाजते."

"तुम्हाला काही बोलली नाही?"

"नाही हो. फक्त गेले महिनाभर रोज रात्री वही घेऊन माझ्याजवळ बसते. माशांची नावं विचारते. मी म्हटलं, बाजारात जाणारी मी, शिजवणारी मी, हिला कशाला हव्यात? तरी सांगितली. मांदेली, ढोमा, मुडदुशी, शिंगाळा, वाकटी, खरबी... चाळीसच्या वर झाली. कुठल्याला काटा जास्त, कुठला पावसात खायचा नाही, कुठला बाळंतिणीला. सगळं लिहून घेतलं. शाळेतली पोरंही म्हणे घरी आजीला विचारून येतात, आणि मग वर्गात इंग्रजीत सांगतात, कुठला मऊ, कुठला त्याच्याहून मऊ."

माझ्या हातातला वाल तसाच राहिला.

"बोंबलाला काय लिहिलंय तिने?" मी विचारलं.

"बोंबीलच. मी विचारलं, याला इंग्रजी नाव नाही का? म्हणाली, आहे, पण पोरांना आधी बोंबीलच लिहू दे." वहिनी उठल्या, वाटी पदराखाली धरली, आणि खिंडारातून पलीकडे पाय टाकता टाकता थांबल्या. "बाई, म्हणजे ती तिथे सगळ्यांपुढे हे सांगणार? मी सांगितलेलं?"

"सांगणारच."

"मग माझं नाव घेईल का हो?"

"विचारा की तिला."

"छे, मी नाही विचारत," म्हणाल्या, आणि तिथूनच घराकडे तोंड करून ओरडल्या, "अगं ए, त्या वहीत शिंगाळा लिहिलास का? त्याचा काटा लागला तर सुजतं, तेही लिही!"